दोन यूएएन, एक घर: पीएफमधून घरासाठी पैसे काढताना कर आणि कमिशन कसं वाचलं

हे प्रकरण 2024 च्या पहिल्या पाच महिन्यांतलं, पुणे परिसरातलं. संबंधितांची परवानगी घेऊन लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत आणि रकमा जवळच्या पूर्णांकात दिल्या आहेत. ज्यांचं प्रकरण आहे त्यांना इथे श्री. अ म्हणू. पगारपत्रकं आणि पीएफ हे माझं रोजचं काम. अशी प्रकरणं माझ्याकडे नेहमी येतात आणि बहुतेक वेळा उशिरा येतात, म्हणजे पैसे काढून झाल्यावर, टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) गेल्यावर. हे वेळेत आलं.

पार्श्वभूमी

श्री. अ चौतीस वर्षांचे. घरात पत्नी, एक मुलगी आणि वडील. जुलै 2017 मध्ये एका खासगी कंपनीत लागले, मे 2021 मध्ये ती सोडली आणि जून 2021 पासून दुसऱ्या कंपनीत आहेत. पहिल्या नोकरीत मूळ वेतन सरासरी 22 हजार होतं, आता 32 हजार आहे. पहिल्याच नोकरीत ते 15 हजारांच्या वर असल्याने कर्मचारी पेन्शन योजनेत ते नव्हतेच. त्यामुळे मालकाचा 12 टक्के हिस्साही पूर्णपणे पीएफमध्ये जमा होत होता.

जानेवारी 2024 मध्ये त्यांनी 42 लाखांचा एक रीसेल फ्लॅट पसंत केला आणि विसार दिला. करारनामा एप्रिलअखेर नोंदवायचा असं विसार पावतीवर लिहिलं गेलं.

पैशांचं गणित असं होतं. घरकर्ज 30 लाखांच्या वर आणि 75 लाखांपर्यंत असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बँक किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच कर्ज देऊ शकते. म्हणजे इथे 33 लाख 60 हजार. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही, तो पदरचा. त्यामुळे स्वतःचे 8 लाख 40 हजार, 7 टक्के दराने मुद्रांक शुल्काचे 2 लाख 94 हजार, नोंदणी फी 30 हजार आणि दलाली 42 हजार. वकील, सोसायटीचं हस्तांतरण आणि बँकेची प्रोसेसिंग फी धरून एकूण गरज साधारण 12 लाख 30 हजारांवर गेली.

त्यांच्याकडे मुदत ठेवी आणि आवर्ती ठेवी मिळून 7 लाख 40 हजार होते. त्यातले 80 हजार आजारपण-अडचणीसाठी हलवायचे नाहीत, असं पत्नीने बजावून सांगितलं होतं. वडील 2 लाख देणार होते. तरीही 3 लाख 70 हजार कमी पडत होते.

हे पैसे पीएफमधून काढायचे, असं घरात ठरलं.

अडचण

पीएफ योजनेच्या परिच्छेद 68ब नुसार घर किंवा फ्लॅट विकत घेण्यासाठी अग्रिम मिळतो. तो परत फेडायचा नसतो. त्यासाठी सदस्यत्वाची पाच वर्षं पूर्ण लागतात. रक्कम किती मिळेल हे तीन आकड्यांवरून ठरतं: 36 महिन्यांचं मूळ वेतन व महागाई भत्ता, खात्यातला स्वतःचा आणि मालकाचा व्याजासह हिस्सा, आणि घराची किंमत. यांतला सर्वांत लहान आकडा ही मर्यादा.

श्री. अ पीएफच्या सदस्य पोर्टलवर गेले तर तिथे त्यांची सेवा तीन वर्षांच्याही आत दिसली आणि शिल्लक फक्त 2 लाख 90 हजार. जुन्या कंपनीचं नावही नव्हतं.

मी त्यांच्याकडून दोन्ही कंपन्यांची एकेक पगाराची पावती मागवली आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. यूएएन म्हणजे पीएफ सदस्याचा बारा आकडी क्रमांक, नोकऱ्या कितीही बदलल्या तरी तोच राहायला हवा. या दोन पावत्यांवरचे क्रमांक वेगळे होते. 2021 मध्ये नव्या कंपनीत रुजू होताना भरायच्या फॉर्म 11 मध्ये पूर्वीच्या सदस्यत्वाची माहिती द्यायची असते. ती जागा कोरी राहिली होती, म्हणून कंपनीने नवा यूएएन तयार केला. आधार नव्या यूएएनला जोडलं गेलं आणि जुना यूएएन तसाच पडून राहिला. त्यात व्याजासह 3 लाख 60 हजारांच्या आसपास रक्कम होती.

म्हणजे प्रत्यक्षात पावणेसात वर्षांची सेवा होती, पण कागदावर तिचे दोन तुकडे झाले होते: एक तीन वर्षं अकरा महिन्यांचा, दुसरा दोन वर्षं दहा महिन्यांचा. पाच वर्षांची अट यांपैकी एकही तुकडा पूर्ण करत नव्हता.

याच सुमारास ओळखीतून एक एजंट भेटला. त्याने सांगितलेला रस्ता सोपा होता. जुनं खातं बंदच आहे, कागदी कंपोझिट क्लेम फॉर्म, म्हणजे पैसे काढण्याचा एकत्रित अर्ज, भरू, पूर्ण पैसे काढून देतो, आठ टक्के माझे. टीडीएस कापू नये म्हणून सोबत 15जी जोडू.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय एजंटचाच होता आणि घरात सगळे त्याच्याकडे झुकले होते, कारण विसार पावतीवरची तारीख जवळ येत होती. म्हणून आधी त्याचाच हिशेब मांडला.

पाच वर्षांपेक्षा कमी सेवेवर खातं बंद करून 50 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम काढली तर प्राप्तिकर कायद्याच्या कलम 192ए नुसार 10 टक्के टीडीएस कापला जातो. पॅन दिलेला नसेल तर 20 टक्के. जुन्या खात्यातल्या रकमेवर हे 36 हजार झाले. पण टीडीएस हा शेवटचा कर नव्हे, आणि इथेच बहुतेक लोक फसतात. अशा रकमेतला मालकाचा हिस्सा आणि त्यावरचं व्याज पगाराचं उत्पन्न धरलं जातं, स्वतःच्या हिश्शावरचं व्याज इतर उत्पन्नात येतं आणि आपल्या हिश्शावर पूर्वी घेतलेली 80सी ची (बचतीवरची) करवजावटही मागे फिरते. श्री. अ जुन्या करप्रणालीत, 20 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये होते. त्यांचा स्वतःचा हिस्सा सव्वा लाखाच्या जवळ होता. उरलेल्या सव्वादोन लाखांहून जास्त रकमेवर उपकरासह 20.8 टक्क्यांनी मोजलं तर कर पन्नास हजारांच्या जवळ जात होता. 80सी चा फरक यात धरलेला नाही. एजंटचे आठ टक्के म्हणजे आणखी 28 हजार 800. दोन्ही मिळून 78 हजारांच्या आसपास.

15जी बद्दल एजंट जे बोलला ते पैशांच्या हिशेबापेक्षाही गंभीर होतं. त्या वर्षाच्या एकूण उत्पन्नावर ज्याला करच लागणार नाही, त्यानेच ते घोषणापत्र द्यायचं असतं. महिन्याला सत्तर हजार पगार असलेल्या माणसाने ते भरणं म्हणजे खोटी घोषणा. शिवाय नोकरी सुटल्यावर पीएफ पूर्ण काढायचा तर दोन महिने बेरोजगार असल्याचं सांगावं लागत होतं, तेही खोटंच ठरलं असतं. सही श्री. अ यांची. पुढे नोटीस आली तर तीही त्यांच्याच नावे येणार, एजंटच्या नव्हे. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग पत्नी म्हणाल्या, "अहो, त्याला नाही म्हणून कळवा आधी."

दुसरा पर्याय वैयक्तिक कर्जाचा. तुटीपैकी 3 लाखच घेतले तरी 13 टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी: हप्ता 6 हजार 800 च्या पुढे आणि एकूण व्याज 1 लाख 10 हजारांच्या घरात. त्यात घरकर्जाचा हप्ता 29 हजार 400 होणार होता. वैयक्तिक कर्जाचा हप्ता दिसला की बँक घरकर्जाची पात्रता कमी करते, मग तूट आणखी वाढते. हा पर्याय लगेच बाजूला पडला.

तिसरा पर्याय व्यवहार पुढे ढकलण्याचा. नव्या नोकरीची पाच वर्षं 2026 मध्ये पूर्ण झाली असती. तोवर हा फ्लॅट राहणार नव्हता.

चौथा पर्याय दोन्ही खाती जोडण्याचा. जुन्या खात्यातली रक्कम चालू खात्यात हस्तांतरित करायची. हस्तांतरण म्हणजे पैसे काढणं नव्हे, त्यावर टीडीएस नाही आणि करही नाही. शिवाय शिल्लक हस्तांतरित झाली की आधीच्या मालकाकडची सेवाही पाच वर्षांच्या हिशेबात धरली जाते. एकाच कामातून दोन गोष्टी साध्य होतात: 68ब ची पात्रता आणि प्राप्तिकरातली सूट. पीएफ चालवणारी कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना यासाठी एक पैसाही फी घेत नाही. धोका फक्त वेळेचा होता.

मी चौथ्या पर्यायाचा आग्रह धरला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी तो स्वीकारला.

काय केलं

सदस्य पोर्टलवर 'वन मेंबर वन ईपीएफ अकाउंट' या सोयीतून हस्तांतरणाची विनंती टाकली. ती परत आली. कारणं दोन होती. जुन्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नव्हती, आणि वडिलांच्या नावाच्या रकान्यात नुसतं आडनाव होतं.

शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले की नोकरी सोडल्याची तारीख सदस्याला स्वतःही भरता येते. पण त्यासाठी यूएएनला आधार जोडलेलं लागतं. एक आधार एकाच यूएएनला जोडता येतं आणि श्री. अ यांचं नव्याला जोडलं गेलेलं. म्हणून जुन्या कंपनीकडेच जावं लागलं. तिथे तीन वर्षांत माणसं बदललेली. ईमेलला उत्तर येईना. शेवटी श्री. अ अर्धा दिवस रजा काढून स्वतः गेले. सोबत नेमणूक पत्र, राजीनामा स्वीकारल्याचं पत्र आणि शेवटची पगाराची पावती नेली. नाव दुरुस्तीचं संयुक्त घोषणापत्रही घरूनच भरून नेलं. समोरच्याला फक्त तपासून सही करायची उरली की काम पुढे सरकतं, हा माझा अनुभव. तसंच झालं.

दुरुस्ती पुढे सरकत नाही असं वाटल्यावर ते 27 फेब्रुवारीला 'निधी आपके निकट' शिबिराला गेले. हे शिबिर दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात भरतं आणि संघटनेचे अधिकारी समोर बसून कागद पाहतात. आपली विनंती नेमकी कोणत्या टप्प्यावर अडली आहे, ते तिथे कळलं: कंपनीची डिजिटल सही व्हायची होती. नेमकी गोष्ट सांगून पाठपुरावा केल्यावर ती झाली. मार्चच्या मध्यात नोंद सुधारली, हस्तांतरणाची विनंती पुन्हा टाकली आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात रक्कम चालू खात्यात जमा झाली. पासबुकात साडेसहा लाख दिसू लागले.

या मधल्या काळात घरात एक वेगळाच प्रश्न उभा राहिला. वडिलांनी 2 लाख दिले होते, तेव्हा करारनाम्यात त्यांचंही नाव असावं असं नातेवाइकांपैकी कुणीतरी सुचवलं. वडिलांची स्वतःची तशी मागणी नव्हती, पण श्री. अ यांना ते योग्य वाटत होतं. इथे 68ब ची एक अट आड येते आणि ती फार थोड्या लोकांना ठाऊक असते. घर सदस्याच्या, जोडीदाराच्या किंवा दोघांच्या संयुक्त नावावर असायला हवं. इतर कुणाबरोबरच्या संयुक्त मालमत्तेतला हिस्सा घेण्यासाठी हा अग्रिम मिळत नाही. वडील, भाऊ, बहीण कुणीही चालत नाही. घर कर्जासाठी बँकेकडे गहाण असलं तर मात्र अडचण नाही.

हे वडिलांशी बोलायला श्री. अ कचरत होते. मी म्हटलं, नियम दाखवा आणि सरळ बोला. वडिलांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझ्या नावाने तुझं काम अडत असेल तर नाव कशाला हवं? राहायचं तर सगळ्यांनी एकत्रच आहे." दिलेली रक्कम ही मुलाला दिलेली भेट आहे, असं त्यांनी साध्या कागदावर लिहून दिलं. वडिलांनी मुलाला दिलेल्या भेटीवर कर लागत नाही, आणि पुढे भावंडांत गैरसमज व्हायला नको म्हणून लेखी असलेलं बरं.

घर एकट्या पत्नीच्या नावावर घ्यावं का, याचाही विचार झाला. महाराष्ट्रात फक्त महिलेच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. 42 लाखांवर ती 42 हजार होते आणि 68ब ला पत्नीचं एकटीचं नावही चालतं. पण कर्ज फेडणार श्री. अ, आणि मालकीत नाव नसेल तर घरकर्जाच्या व्याजाची वजावट त्यांना घेता येत नाही. जुन्या करप्रणालीत ही वजावट 2 लाखांपर्यंत आहे. त्यांच्या बाबतीत वर्षाला वाचणारा कर चाळीस हजारांच्या आसपास होता, म्हणजे जवळजवळ तेवढीच रक्कम दरवर्षी. करारनामा दोघांच्या संयुक्त नावावर करायचा ठरला.

किती काढायचे

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच होता.

36 महिन्यांचं मूळ वेतन 11 लाख 52 हजार होत होतं, खात्यात साडेसहा लाख होते. म्हणजे खात्यातली जवळजवळ पूर्ण रक्कम मागता आली असती. श्री. अ यांचा कल तिकडेच होता. घर घेतोच आहोत तर मॉड्युलर किचन आणि फर्निचरही याच पैशांत उरकू, आणि कर्जही थोडं कमी घेऊ.

कर्ज कमी घेण्याचा मुद्दा आधी पाहिला. त्यांना मिळालेला घरकर्जाचा दर 8.6 टक्के. पीएफचा 2023-24 साठी जाहीर झालेला दर 8.25 टक्के, तोही करमुक्त. शिवाय कर्जाच्या व्याजावर वजावट मिळते. दोन दरांत इतका थोडा फरक असताना पीएफ मोडून कर्ज कमी करण्यात काहीच हाती लागत नव्हतं, उलट नुकसानच होतं. आणि फर्निचरसाठी हा अग्रिम नसतोच. तो घर खरेदीसाठी असतो, ठरलेल्या कारणासाठी वापरला नाही तर दंडव्याजासह वसूल होऊ शकतो.

मग मी त्यांना एक आकडा दाखवला. 3 लाख 75 हजार रुपये वयाच्या 34 पासून 58 पर्यंत 8.25 टक्क्यांनी वाढत राहिले तर साधारण 25 लाख होतात. दर दरवर्षी बदलतो, त्यामुळे हा अंदाजच, पण दिशा कळायला पुरेसा. जे पैसे आज आपण पावणेचार लाख म्हणून काढतो, त्यांची निवृत्तीच्या वेळची किंमत ही असते. ज्याला पेन्शनही नाही त्याने तर हा आकडा बघितल्याशिवाय फॉर्मला हात लावू नये. श्री. अ पेन्शन योजनेत नाहीत, त्यांच्या म्हातारपणाचा आधार हाच निधी.

तूट 3 लाख 70 हजारांची, म्हणून मागणी 3 लाख 75 हजारांची केली. खात्यात पावणेतीन लाख राहिले. किचन पुढच्या दिवाळीच्या बोनसवर ढकललं.

परिणाम

अग्रिमाचा अर्ज, म्हणजे फॉर्म 31, ऑनलाइन भरला, आधार ओटीपीने मान्यता दिली. एप्रिलच्या शेवटी रक्कम बँकेत आली. टीडीएस शून्य, फी शून्य, कमिशन शून्य.

पण करारनाम्याची एप्रिलअखेरची तारीख हुकली. विक्रेत्याकडे मुदत मागावी लागली. त्याने ती मेच्या मध्यापर्यंत दिली, पण आणखी 50 हजार विसार घेऊन. ते किमतीतच वळते झाल्याने तोटा झाला नाही. तरी ऐनवेळी एक मुदत ठेव मोडावी लागली आणि तिच्यावरचं थोडं व्याज गेलं. मेमध्ये करारनामा नोंदवला गेला. 68ब नुसार पैसे मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत खरेदी पूर्ण व्हायला हवी, ती अट सहज पाळली गेली.

जून 2024 पासून त्यांनी पगारातून महिना 3 हजार स्वेच्छा भविष्य निर्वाह निधीत वळवायला सुरुवात केली. याच दराने 58 पर्यंत चालू राहिलं तर काढलेल्या रकमेचे तेव्हा जे 25 लाख झाले असते, जवळजवळ तेवढी भर परत येते. 29 हजारांच्या हप्त्याबरोबर हे ओझंच आहे, हे मला माहीत आहे. पत्नीच्या शिकवण्यांमुळे ते झेपतं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट 2021 ची. नव्या नोकरीत फॉर्म 11 भरताना जुना यूएएन लिहिला असता तर यातलं निम्मं प्रकरण उद्भवलंच नसतं. नव्या माणसाकडून फॉर्म भरून घेताना कंपन्यांनीही ती कोरी जागा पुढे जाऊ देऊ नये. पूर्वी नोकरी होती का, एवढा एक प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागतो.

दुसरी गोष्ट क्रमाची. विसार देण्याआधी पासबुक उघडून पाहायला हवं होतं. इथे आधी विसार, मग पासबुक असं झालं, आणि त्यामुळे सगळा पाठपुरावा तारखेच्या धाकाखाली करावा लागला. एजंटचा प्रस्ताव आकर्षक वाटला तोही या धाकामुळेच. घर बघायला सुरुवात केली की त्याच आठवड्यात पीएफमध्ये चार गोष्टी तपासाव्यात: सगळ्या नोकऱ्या एकाच यूएएनखाली आहेत ना, प्रत्येक जुन्या नोकरीची सोडल्याची तारीख भरली आहे ना, नाव व जन्मतारीख आधारशी जुळते आणि वडिलांचं नाव बरोबर आहे ना, आणि बँक खातं व पॅन पडताळलेलं आहे ना.

विसार पावतीवरही एक ओळ जास्त लिहून घ्यायला हवी होती: बँकेचं कर्ज किंवा पीएफची रक्कम यायला उशीर झाल्यास अमुक दिवसांची वाढीव मुदत. विक्रेता समजूतदार निघाला म्हणून निभावलं. तो अडून बसला असता तर विसारही गेला असता.

ज्यांचं मूळ वेतन सुरुवातीला 15 हजारांच्या आत होतं आणि जे पेन्शन योजनेत आहेत, त्यांच्यासाठी एजंटचा रस्ता याहूनही महाग ठरतो. असे एजंट पीएफ पूर्ण काढण्याच्या फॉर्म 19 बरोबर पेन्शनची रक्कम काढण्याचा 10सी देखील भरून टाकतात. त्याने पेन्शनची तेवढी सेवा संपते. पेन्शन मिळायला दहा वर्षांची सेवा लागते, आणि तिशीत काढून घेतलेली तीन-चार वर्षं पन्नाशीत फार आठवतात. हस्तांतरण केलं तर ती सेवा टिकते.

हे प्रकरण घडलं तेव्हाचे नियम वर दिले आहेत. ऑक्टोबर 2025 मध्ये संघटनेच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने अंशतः पैसे काढण्याच्या तेरा तरतुदी एकत्र करून त्यांचे तीन गट करायचं ठरवलं. त्यात घर हा एक गट आहे. किमान सेवा सरसकट बारा महिने आणि खात्यात 25 टक्के रक्कम कायम राखायची, अशी ती रचना. त्यामुळे अर्ज करण्याच्या दिवशी कोणता नियम लागू आहे ते पोर्टलवर बघूनच पुढे जावं. मात्र पैसे काढण्याची पात्रता ठरवते संघटना, आणि करमुक्तीसाठीची पाच वर्षांची अट आहे प्राप्तिकर कायद्यात. पहिली अट सैल झाली म्हणून दुसरी सैल होत नाही. बारा महिन्यांत पात्र झालो म्हणून जुनी खाती न जोडता, नोकरी सुटताच खातं बंद करायला जाणाऱ्यांना कराचा फटका बसू शकतो.

श्री. अ आणि मी अजूनही एका मुद्द्यावर सहमत नाही. त्यांना वाटतं, आणखी 50 हजार काढले असते तर मुदत ठेव मोडावी लागली नसती. मला वाटतं, विक्रेत्याशी आधीच बोलून ती 50 हजारांची वेळ टाळता आली असती, निधीला हात लावायची गरज नव्हती. हस्तांतरणानंतर मिळणारं अनेक्शर के, ज्यात जुन्या नोकरीची सेवा आणि वर्गणीचा तपशील असतो, ते मात्र त्यांनी माझ्या सांगण्यावरून छापून घराच्या कागदांबरोबर ठेवलं आहे. पुढे आयकर खात्याने पाच वर्षांच्या सेवेचा पुरावा मागितला तर तोच दाखवायचा आहे.